खर्च भाडेकरूचा, घर मालकाचे

भिंतीतला पाइप फुटायला वेळकाळ लागत नाही. रविवारची सकाळ असते, घरात पाहुणे असतात, मालक मुलाकडे परदेशी गेलेले असतात आणि बाथरूमच्या टाइल्सच्या सांध्यांतून पाणी झिरपायला लागते. तासाभरात खालच्या मजल्यावरच्या वहिनी दारात उभ्या राहतात : "अहो, आमच्या छतातून धार लागलीय, आधी पाणी बंद करा!" प्लंबर येतो, गच्चीवर जाऊन त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करतो, भिंतीवर टकटक करत पोकळ आवाज शोधतो आणि छिन्नी-हातोड्याने चार टाइल्स फोडतो. आत पाइपच्या एल्बोला बारीक चीर गेलेली असते. एल्बोची किंमत किरकोळ. पण फोडकाम, जोडकाम, सिमेंट, नव्या टाइल्स आणि सुट्टीच्या दिवसाची वाढीव मजुरी धरून बिल सहज आठ-दहा हजारांवर जाते. ते तिथल्या तिथे चुकवावे लागते, आणि चुकवतो तो घरात राहणारा माणूस.

पुढचे काही आठवडे या पैशांचे काय होते, हे बहुतेक भाडेकरूंना अनुभवाने ठाऊक आहे. मालक म्हणतात, "मला न विचारता काम का केलंत?" किंवा "वापरता तुम्ही, मग दुरुस्ती तुमचीच." मित्र सल्ला देतात, "पुढच्या भाड्यातून कापून टाक." यातले एकही उत्तर पुरते बरोबर नाही. मालकाच्या वास्तूवर नाइलाजाने केलेला खर्च हे मालकाचे देणे असू शकते आणि ते वसूल करायचे रस्ते आपल्या कायद्यात आहेत. मात्र तुम्ही कोणत्या प्रकारचे भाडेकरू आहात, काम करण्याआधी काय कळवले आणि नंतर कोणते कागद जपले, यावर रस्ता बदलतो. हे तीन प्रश्न न विचारता कापाकापी केली, तर खरी बाजू असूनही माणूस थकबाकीदार ठरू शकतो.

सुरुवात जुन्या भाडेकरूंपासून करू. मुंबईच्या चाळींत, पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत, नागपूर-सोलापूरच्या जुन्या वस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या भाडेपावतीवर राहणाऱ्यांना महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने मुंबई इलाखा, विदर्भ आणि मराठवाडा या तीन भागांतले वेगवेगळे जुने कायदे एकत्र केले. त्याचे १४ वे कलम प्रत्येक जुन्या भाडेकरूने एकदा तरी स्वतः वाचावे. भाडेकरूने उलट करार करून दिलेला नसेल, तर जागा राहण्यायोग्य आणि सुस्थितीत ठेवण्याचे बंधन मालकावर आहे, असे ते सांगते. मालकाने हयगय केली, तर किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. वाजवी वेळ जाऊनही त्याने काम केले नाही, तर भाडेकरूने एकट्याने किंवा इतरांसह ते करून घ्यायचे आणि खर्च भाड्यातून वळता करायचा किंवा मालकाकडून अन्य मार्गाने वसूल करायचा. भाडेकरूंनी ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा त्या खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो मालकावर बंधनकारक असतो. कायदा भाडेकरूच्या वहीवर एवढा विश्वास टाकतो, हे फार थोड्यांना माहीत असते.

इथवर वाचून हायसे वाटते. मग त्याच कलमाचे परंतुक समोर येते : एका वर्षात कापायची किंवा वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. याचा अर्थ आकड्यांत पाहू. समजा, गिरगावातल्या एखाद्या खोलीचे भाडे महिना ६०० रुपये आहे. वर्षाचे ७,२००, त्याचा पाव हिस्सा १,८००. सामाईक संडासाची सांडपाण्याची लाइन फुटली आणि ४५,००० रुपये खर्च आला. एकाच भाडेकरूने तो उचलला, तर परत मिळायला २५ वर्षे लागतील. इतक्या काळात तो पाइप पुन्हा बदलायची वेळ येईल.

हेच काम मजल्यावरच्या तेवढेच भाडे देणाऱ्या १२ भाडेकरूंनी मिळून केले, तर वर्षाला २१,६०० रुपये वळते करता येतात. संयुक्त दुरुस्तीत प्रत्येकाचा वाटा त्याच्या भाड्याच्या प्रमाणात ठरतो आणि रकमेवर दरसाल १५ टक्के सरळव्याजही धरता येते. तीन वर्षांच्या आत हिशेब चुकता होतो. म्हणून चाळीत कोणी "तुम्ही आत्ता करून घ्या, आपण नंतर बघू" म्हणाले, तर ते ऐकू नये. वर्गणी काढण्याआधी नोटिशीवर सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात, कारण एकट्याची नोटीस आणि बाराजणांचा खर्च यांची सांगड पुढे घालणे कठीण जाते. नोटीस टपालाने किंवा "अन्य कोणत्याही रीतीने" देता येते. तरी नोंदणीकृत स्पीड पोस्ट आणि पोचपावती हाच मार्ग धरावा. कोर्टात ती पोचपावती फार बोलते.

या कायद्याबद्दल माझी खरी तक्रार वेगळी आहे. १५ दिवसांची नोटीस गळक्या छताला चालते. फुटलेल्या पाइपला, ठिणग्या उडणाऱ्या मीटरबोर्डाला, तुंबून घरात परतणाऱ्या मैल्याला चालत नाही. आणि १४ व्या कलमात तातडीच्या प्रसंगासाठी वेगळे वाक्यच नाही. पाणी वाहत असताना पंधरवडा थांबा, असे कोणताही समंजस न्यायाधीश म्हणणार नाही. पण आधी नोटीस न देता केलेला सगळा खर्च १४ व्या कलमात बसतो, असेही म्हणता येत नाही. या फटीत रोज माणसे सापडतात.

त्यातून वाट काढायची, तर कामाचे मनात दोन भाग करावे लागतात. एक, नुकसान थांबवण्याचे काम : व्हॉल्व्ह बंद करणे, फुटलेला जोड बदलणे, उघडी वायर सुरक्षित करणे, कौले किंवा पत्रा उडाल्यावर ताडपत्री टाकणे, कललेल्या गॅलरीला टेकू देणे. दोन, वास्तू पूर्ववत करण्याचे काम : टाइल्स, गिलावा, रंग, पूर्ण वायरिंग, छताचे वॉटरप्रूफिंग. पहिल्या कामासाठी विचारत बसू नका, फक्त कळवा. दुसरे काम नोटीस किंवा लेखी संमतीशिवाय सुरू करू नका. वर सांगितलेल्या दहा हजारांच्या बिलात गळती थांबवण्याचा भाग चार-साडेचार हजारांचाच असतो. भांडण बहुधा उरलेल्या रकमेवरून होते, कारण तिथे मालकाचे म्हणणे रास्त असते : टाइल कोणती बसवायची आणि कोणाकडून, हे ठरवण्याचा हक्क त्याचा होता.

पहिल्या कामाच्या खर्चाला आधार द्यायला एक दीडशे वर्षांचा कायदा उभा आहे : १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याचे ६९ वे कलम म्हणते, की जे पैसे भरायला दुसरा माणूस कायद्याने बांधलेला आहे, ते ज्याचे हित गुंतले आहे अशा व्यक्तीने भरले, तर तिला ते परत मिळाले पाहिजेत. कायद्यातच दिलेले उदाहरण भाडेपट्ट्याचे आहे. बंगालमधल्या जमीनदाराने सरकारचा सारा थकवला, जमीन लिलावात निघाली. पट्टा वाचवण्यासाठी पट्टेदाराने सारा भरला. जमीनदाराने त्याची भरपाई करायची. आजच्या घरात हे कलम कुठे लागते? मालकाने पाणीपट्टी थकवली, नळजोड तोडायची नोटीस दारावर लागली आणि भाडेकरूने रक्कम भरली, तिथे.

७० वे कलम दुरुस्तीच्या अधिक जवळचे. एखाद्याने दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने मोबदला द्यायचा. या कलमाखालचे एक उदाहरण आगीचे आहे : एकाने दुसऱ्याची मालमत्ता आगीतून वाचवली, पण परिस्थितीवरून त्याने ते फुकट करायचे ठरवले होते असे दिसले, तर भरपाई नाही. आपल्या विषयाची गुरुकिल्ली या उदाहरणात आहे. संकटात धावून जाणे पुरेसे नाही; हा खर्च माझा नाही, तुमच्या वतीने करतो आहे, हे त्याच वेळी दिसले पाहिजे.

या कलमावरचा सर्वात महत्त्वाचा निकाल सातारचे सुपुत्र आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी लिहिला. पश्चिम बंगाल सरकारविरुद्ध बी. के. मंडल आणि सन्स हा तो खटला, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली निकाली काढलेला. कंत्राटदाराने सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून साठवणुकीच्या शेड आणि कच्चा रस्ता बांधून दिला होता. करार मात्र कायद्याने सांगितलेल्या रीतीने झालेला नव्हता. सरकार म्हणाले, करारच नाही, तर पैसे कसले? न्यायालयाने सरकारला पैसे द्यायला लावले : बांधकाम वापरता, तर मोबदला द्या. पण याच निकालात दुसरी बाजूही स्पष्ट केली आहे. नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात काम मारण्यासाठी हे कलम नाही; लाभ नाकारायची मुभा समोरच्याला आहे. म्हणजे मालकाने "हात लावू नका, माझा माणूस उद्या येतो आहे" असे कळवले असेल, तर ७० व्या कलमाचा जोर ओसरतो. अशा वेळी व्हॉल्व्ह बंद करून, बादलीने पाणी भरून त्या माणसाची वाट पाहावी. तो आलाच नाही, तर तेही लेखी कळवावे.

एवढे कायद्याचे सार एका संदेशात मावते. गळती सुरू असताना पाठवायचा संदेश असा असावा :

"नमस्कार काका. आज सकाळी साडेसहाला बाथरूमच्या भिंतीतला पाइप फुटला. खालच्या फ्लॅटमध्ये पाणी जात आहे. तुम्हाला दोनदा फोन केला, लागला नाही. वरचा व्हॉल्व्ह बंद करून प्लंबर बोलावला आहे. फोटो व व्हिडिओ पाठवत आहे. आत्ता फक्त गळती थांबवण्यापुरते काम करून घेतो, अंदाजे खर्च साडेचार हजार. टाइल्सचे तुम्ही सांगाल तसे करू. हा खर्च घराच्या दुरुस्तीचा असल्याने तुमच्याकडून मिळावा, ही विनंती."

यात वेळ आहे, दुसऱ्याचे होणारे नुकसान आहे, संपर्काचा प्रयत्न आहे, कामाची मर्यादा आहे आणि शेवटच्या वाक्यात फुकट न करण्याचा हेतू आहे. कडक शब्द एकही नाही. मालक वडीलधारे असतात, पुढची दोन वर्षे त्यांच्याच घरात राहायचे असते. "काका" म्हणून पाठवलेला संदेशही तितकाच पुरावा असतो. मोबाइलवरचे संभाषण कोर्टात दाखल करायचे झाल्यास भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी मूळ संदेश फोनमध्ये राहिला पाहिजे. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबून संभाषण पुसू नका.

बिलाबद्दलही दोन शब्द. "बाथरूमचे काम, रु. ९,५००" एवढेच लिहिलेली चिठ्ठी घेऊ नका. काय फुटले होते, का फुटले, कोणता माल लागला आणि मजुरी किती, हे प्लंबरकडून त्याच्या सहीने लिहून घ्या. "का फुटले" हा मुद्दा सर्वात मोलाचा आहे. भाडेकरूने टॉवेलचा रॉड बसवताना ड्रिल मारून पाइप फोडला असेल, तर भरपाईचा प्रश्न उरत नाही. उलट दुरुस्ती त्याच्याच अंगावर पडते. वीस वर्षांचा जोड आपसूक निखळला, तर ती वास्तूची झीज, म्हणजे मालकाची बाब. जुना तुटका भाग फेकू नका, पिशवीत घालून ठेवा. पैसे रोख न देता बँकेतून द्या.

आता ज्यांची संख्या मोठ्या शहरांत वाढते आहे, त्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांकडे येऊ. ११ महिने, २४ महिने, ३६ महिने अशा मुदतीने राहणारा माणूस बोलण्यात भाडेकरू असतो; कायद्याच्या नजरेत तो १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखालचा परवानाधारक असतो. भाडे नियंत्रण कायद्याचे १४ वे कलम भाडेकरूसाठी लिहिलेले आहे, याच्यासाठी नाही. पाव भाड्याची मर्यादा त्याला आडवी येत नाही, तसेच कापून घेण्याचा वैधानिक हक्कही त्याला मिळत नाही. महिन्याला पंचवीस हजार मोजणारा आयटीतला मुलगा या बाबतीत सहाशे रुपयांच्या चाळकऱ्यापेक्षा उघडा असतो. त्याची भिस्त करारावर, करार कायद्याच्या ७० व्या कलमावर आणि सुविधाधिकार कायद्यातल्या एका कमी चर्चिलेल्या कलमावर असते. ते कलम ५७ वे : परवानाधारकाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका होईल असा वास्तूतला दोष मालकाला माहीत असेल आणि परवानाधारकाला माहीत नसेल, तर तो सांगणे मालकावर बंधनकारक आहे. गीझरच्या पॉइंटला शॉक येतो, हे आधीच्या कुटुंबाने कळवूनही मालकाने नव्या माणसाला सांगितले नसेल, तर हे कलम कामी येते. राहायला जाताना आधीचे कोण होते, त्यांनी काय तक्रारी केल्या होत्या, हे वॉचमनला आणि शेजाऱ्यांना विचारून घ्या.

करारात सहसा काय असते? जागा आहे त्या स्थितीत ठेवावी, नेहमीची झीज वगळता झालेले नुकसान परवानाधारकाने स्वखर्चाने दुरुस्त करावे, अशा अर्थाचे कलम. त्यात "नेहमीची झीज वगळता" हे शब्द आहेत का, ते बोट ठेवून पाहा. ते गाळलेले असतील, तर सही करण्याआधी घालायला लावा. आणि करार नोंदवलेलाच नसेल, तर? भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार लिव्ह अँड लायसन्सचा करारही लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती टाळली, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पोलीस व्हेरिफिकेशनसाठी धावपळ करणारे मालक नोंदणीला टाळाटाळ करतात, तेव्हा नकळत दुरुस्तीच्या वादातली आपली बाजू ते स्वतःच कमकुवत करतात.

फ्लॅट सोसायटीत असेल, तर बिलाला तिसरा धनी असू शकतो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइन, गच्चीतून झिरपणाऱ्या पावसामुळे वरच्या मजल्याच्या छताचे झालेले नुकसान, यांची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. फ्लॅटच्या आतले काम सभासदाचे. भाड्याने राहणारा सभासद नसतो. त्याचा अर्ज सेक्रेटरी बाजूला ठेवतात. म्हणून अर्ज मालकाच्या नावाने, मालकाच्या सहीने किंवा निदान त्याच्या ईमेलवरून जाऊ द्या. गच्चीच्या गळतीची दुरुस्ती मालकाने आपल्या खिशातून करावी, असा आग्रह धरून संबंध बिघडवण्याआधी ती कोणाची आहे, हे गच्चीवर जाऊन पाहा.

मुंबईच्या शहर भागातल्या उपकरप्राप्त इमारतींचे गणित आणखी निराळे. १९६९ च्या कायद्याने या जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसवला आणि पुढे हे काम म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे आले. तिथे तुळई, जिना, स्लॅब अशा रचनेच्या कामात भाडेकरूंनी वर्गणी ओतू नये. मंडळाकडे लेखी तक्रार द्यावी, टेकूंची मागणी करावी. महापालिकेने मालकाला एखादे काम करण्याची नोटीस काढली असेल आणि तो हलत नसेल, तर १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचे ४९९ वे कलम उपयोगी पडते : आयुक्तांच्या मंजुरीने राहणाऱ्याने ते काम करावे आणि वाजवी खर्च भाड्यातून वळता करावा. या कलमात पाव भाड्याची मर्यादा लिहिलेली नाही. म्हणून सांडपाण्याच्या किंवा धोकादायक भागाच्या बाबतीत आधी वॉर्ड ऑफिसकडून मालकाला नोटीस निघेल असे पाहणे शहाणपणाचे.

दुरुस्तीच्या नावाखाली बांधकाम मात्र करू नका. जुन्या भाडेकरूला घराबाहेर काढण्याची जी कारणे कायद्यात आहेत, त्यांत मालकाच्या लेखी संमतीविना केलेले कायमस्वरूपी बांधकाम हे एक आहे. मोरीची गळती काढताना भिंत दोन फूट पुढे सरकवली, की भरपाई राहिली दूर, दाव्याला उत्तर देत बसावे लागते. मुंबई महापालिका कायद्याचे ३४२ वे कलम किरकोळ दुरुस्तीत काय काय येते ते सांगते : गिलावा, रंग, फरशी बदलणे, संडास-न्हाणीची दुरुस्ती, पाइप बदलणे, छप्पर त्याच मालाने पुन्हा घालणे. मापे बदलली, की ती दुरुस्ती राहत नाही. जे होते, जसे होते, तसेच परत करा.

आणि गॅसचा वास आला, तर यातले काहीच आठवत बसू नका. रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, बटणांना हात लावू नका आणि बाहेर पडून सिलिंडर असेल तर १९०६ या क्रमांकावर, पाइपचा गॅस असेल तर कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. तिथे खासगी प्लंबरचे काम नाही.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. निवृत्तीनंतर एका फ्लॅटच्या भाड्यावर घर चालवणाऱ्या जोडप्याला अचानक आलेले दहा हजारांचे बिल जड जाते, आणि खोटी बिले लावणारे भाडेकरूही असतात. तरी एक गोष्ट त्यांना सांगितलीच पाहिजे. घरभाड्याच्या उत्पन्नावर प्राप्तिकर आकारताना निव्वळ वार्षिक मूल्याच्या ३० टक्के सरसकट वजावट मिळते, मग दुरुस्तीवर एक रुपया खर्च झालेला असो वा नसो. दुरुस्ती आणि देखभालीचा खर्च मालक करतो, हे गृहीत धरूनच ती सवलत ठेवलेली आहे. सवलत मालकाने घ्यायची आणि दुरुस्ती भाडेकरूने करायची, हे न्याय्य नाही.

मालकाने सरळ नकार दिला, तर जुन्या भाडेकरूने १४ व्या कलमाच्या मर्यादेत राहून भाडे वळते करावे, सोबत हिशेबाची प्रत नोंदणीकृत स्पीड पोस्टाने पाठवावी आणि उरलेले भाडे वेळेवर भरावे. पूर्ण भाडे थांबवणे ही सर्वात घातक चाल आहे. मालक थकबाकीची नोटीस देतो, ९० दिवसांनी दावा लावतो. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळव्याज आणि खर्चासह कोर्टात भरली, तर घर वाचते. पण तोवर वकिलाची फी पाइपच्या बिलाच्या कितीतरी पुढे गेलेली असते. मुंबई-पुण्यासारख्या, लघुवाद न्यायालय असलेल्या ठिकाणी असे दावे त्या न्यायालयात चालतात, इतरत्र दिवाणी न्यायाधीशांपुढे. लिव्ह अँड लायसन्सवाल्याने शक्यतो कापाकापी करू नये. लेखी मागणी लावून धरावी आणि अनामत परत घेताना हिशेबात ती मांडावी. पैशांच्या वसुलीच्या दाव्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे घाईने संबंध तोडण्याचे कारण नाही.

केंद्र सरकारने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरार कायद्याला मंजुरी दिली. राज्याने आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्याची दुसरी अनुसूची वाद मिटवायला आजही उपयोगी आहे. रचनात्मक दुरुस्ती, रंग, पाइप बदलणे आणि वायरिंग मालकाकडे. नाली साफ करणे, स्विच-सॉकेट, गीझर, कड्या-कुलपे, खिडकीच्या काचा राहणाऱ्याकडे. मालकाने आपले काम नाकारले, तर ते करून पुढच्या भाड्यांतून वळते करता येते, कोणत्याही महिन्यात भाड्याच्या निम्म्यापर्यंत. पाव वर्षभाड्यापेक्षा हे नक्कीच बरे.

तातडीचा प्रसंग मात्र स्पष्ट शब्दांत हाताळायला हवा. मेलबर्नमध्ये भाड्याच्या घरात राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा. तिथल्या व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्यात तातडीच्या दुरुस्त्यांची यादीच आहे : फुटलेली पाण्याची लाइन, तुंबलेला संडास, छताची मोठी गळती, वायुगळती, विजेचा धोकादायक बिघाड. मालकाशी संपर्क होऊनही तो लगेच हलला नाही किंवा संपर्कच झाला नाही, तर मार्च २०२१ पासून भाडेकरू २,५०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचे काम स्वतः करून घेऊ शकतो आणि मालकाने ते पैसे सात दिवसांत परत करायचे असतात. जर्मनीच्या नागरी संहितेतही, वास्तू टिकवण्यासाठी लगेच करावी लागणारी दुरुस्ती भाडेकरूने केली, तर खर्च मागण्याचा हक्क आहे. आपल्या १४ व्या कलमाला अशी चार ओळींची जोड देणे विधिमंडळाला अवघड नाही. यादी, रकमेची मर्यादा, परतफेडीचे दिवस, आणि तातडीच्या कामाला पाव भाड्याच्या मर्यादेतून सूट, एवढेच हवे. लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनाही त्याच कलमात घ्यावे.

ते होईपर्यंत प्रत्येकाने ही दुरुस्ती आपल्या करारात करून घ्यावी. एजंट म्हणेल, "फॉर्म ठरलेला असतो." त्याचे ऐकू नका, जादा अटी लिहिता येतात. हा मसुदा घ्या : "पाणी, सांडपाणी, वीज किंवा छत यांत अचानक बिघाड होऊन जीवित वा मालमत्तेला धोका निर्माण झाल्यास परवानाधारक मालकास त्वरित कळवील. मालकाने सहा तासांत व्यवस्था न केल्यास परवानाधारक रु. ____ पर्यंतचे आवश्यक काम करून घेईल आणि पावत्या दिल्यावर ती रक्कम पुढील महिन्याच्या शुल्कातून वळती होईल. परवानाधारकाच्या चुकीमुळे झालेल्या बिघाडास ही अट लागू नाही." मोकळी जागा तुमच्या निम्म्या महिन्याच्या भाड्याएवढ्या आकड्याने भरा आणि मगच सही करा.